ई-आर-रिकामं-एस : शब्दकोड्यांत अडकलेलं ट्रॉयचं युद्ध

कोडंबाज | शनिवार, सकाळी ७:५०

काल रात्री एका अमेरिकन शब्दकोड्यात शेवटचं एकच घर उरलं होतं. क्लू होता ‘आरेसची बहीण’, अक्षरं चार. ई-आर, मग रिकामं, मग एस. त्या रिकाम्या घरातून खाली जाणारा शब्द म्हणजे कुठल्याशा बेसबॉलवाल्याचं आडनाव, ते मला सात जन्मांत आलं नसतं. आरेस हा ग्रीकांचा युद्धदेव, एवढं माहीत होतं. त्याच्या गोतावळ्यात ई-आर-ओ-एस, म्हणजे इरॉस, बसतो हेही माहीत होतं. बहीण की भाऊ हा विचार न करता दिला ठोकून ओ. चूक. उत्तर ई-आर-आय-एस, एरिस.

झोप उडाली म्हणून ही बाई कोण ते शोधत बसलो. तर भांडणाची देवी! पेलिउस आणि थेटिसच्या लग्नाला झाडून सगळ्या देवांना आमंत्रण, हिला तेवढं नाही. हिने मांडवात एक सोन्याचं सफरचंद टाकलं, त्यावर लिहिलेलं ‘सर्वांत सुंदर असेल तिला’. हेरा, अथीना आणि अफ्रोडाइटी या तीन देवी त्यावरून जुंपल्या. निवाडा ट्रॉयच्या राजपुत्राकडे, पॅरिसकडे गेला. अफ्रोडाइटीने त्याला जगातली सर्वांत देखणी बाई कबूल केली, त्याने सफरचंद तिला दिलं. ती बाई हेलन, स्पार्टाच्या मेनेलाउसची लग्नाची बायको. पुढे दहा वर्षं युद्ध.

म्हणजे जिने ट्रॉय जाळलं तिनेच माझं कोडं नासवलं. मानाची पंगत चुकली की काय होतं ते आपल्याकडच्या लग्नांत पाहिलंय, पण हे फारच झालं.

माझं ग्रीक पुराणांचं सगळं ज्ञान असंच तुकड्यांत आलेलं आहे. भांडणाची देवी आता माहीत, पण तिने पेटवलेल्या युद्धात पुढे काय झालं ते माहीत नाही. अजॅक्सची अक्षरं किती ते झोपेत सांगेन, त्याने केलं काय ते विचारू नका. इथे इंग्रजी कोडी सोडवणारे बरेच आहेत म्हणून विचारतो: हे ट्रॉयवाले शब्दकोड्यांत इतके का? आणि त्यांच्या गोष्टी तुम्हाला आधी माहीत होत्या, की माझ्यासारख्या चौकटीतून शिकलात?

अटलांटाची_काकू | शनिवार, सकाळी ९:१५

ये रे बाबा, आमच्या कळपात ये. एरिसने मला किमान तीनदा फसवलंय.

का इतके, याचं उत्तर अगदी कोरडं आहे: स्वर. अमेरिकन कोड्याची रोजची चौकट १५ बाय १५. त्यातलं प्रत्येक घर आडव्या शब्दातही असतं आणि उभ्यातही. तीन अक्षरांहून लहान शब्द चालत नाही, आणि चौकट अर्धा फेरा फिरवली तरी काळी घरं तशीच दिसली पाहिजेत. इतक्या अटींत कोडं रचणारा शेवटी कोपऱ्यात अडकतो आणि त्याला हवा असतो एखादा चार अक्षरी शब्द, ज्यात दोन तरी स्वर आहेत. मग हात जातो ग्रीकांच्या डब्यात. आरेस, इरॉस, एरिस, हेरा, लेटो. तीन अक्षरांत हवी असेल तर पहाटेची देवी इऑस, ई-ओ-एस. आणि होमरचं ट्रॉयच्या युद्धावरचं महाकाव्य, इलियड! पाच अक्षरं, त्यात तीन स्वर. होमरने कोडं रचणाऱ्यांसाठीच नाव ठेवल्यासारखं. (नाव त्याने ठेवलं नसणार, पण ते असू दे.)

अजॅक्स उलट्या कारणासाठी येतो. ए-जे-ए-एक्स, एकाच शब्दात जे आणि एक्स. तो आला की समजायचं, रचणारा मिरवतोय.

आता गंमत. याच कारणासाठी इथल्या कोड्यांत आपण भारतीयही आहोत. आग्रा सारखं येतं, राणी येते, साडी येते, राग येतो. लेक लहानपणी विचारायची, आई, यांना आग्र्याचं इतकं काय कौतुक? कौतुक कसलं, ए-जी-आर-ए. बायकोवरच्या प्रेमाखातर ताजमहाल बांधला त्याला कोण विचारतो, पहिलं आणि शेवटचं अक्षर ‘ए’ आहे ना, झालं.

कोडंबाज | शनिवार, सकाळी ९:४०

काकू, म्हणजे युद्धदेवाची नेमणूक गुणवत्तेवर नाही, स्वरांच्या कोट्यातून!

मूषक | शनिवार, सकाळी १०:०५

गुणवत्तेवर झाली असती तर आरेसला मिळालीच नसती. इलियडच्या पाचव्या सर्गात डायोमिडीज नावाचा साधा मर्त्य माणूस त्याच्या पोटात भाला खुपसतो (अथीना मागून जोर लावते). युद्धदेव नऊ-दहा हजार माणसं एकदम ओरडावीत तसा किंचाळतो आणि थेट ऑलिंपसवर बापाकडे तक्रार घेऊन जातो. झ्यूस त्याला म्हणतो की सगळ्या देवांत मला तुझाच जास्त तिटकारा आहे. हा त्यांचा युद्धदेव.

एरिसबद्दल एक भर. २००५ साली सूर्यमालेच्या टोकाला एक गोळा सापडला, प्लूटोएवढाच. त्यावरून खगोलशास्त्रज्ञांत ग्रह म्हणजे नक्की काय यावर जुंपली, आणि २००६च्या ऑगस्टमध्ये प्लूटोचंच ग्रहपद गेलं. पुढच्याच महिन्यात त्या नव्या गोळ्याला नाव दिलं एरिस. इतकं चपखल बारसं क्वचित होतं. तेव्हापासून कोडं रचणाऱ्यांना एरिससाठी ‘बटुग्रह’ असा नवा क्लू मिळाला. म्हणजे पुढच्या वेळी खगोलशास्त्रातून फसाल.

धोंडोपंत | शनिवार, दुपारी १२:३०

आमच्या काकू अमेरिकन चौकटीबद्दल बोलल्या ते बरोबर, पण त्याला मी कोडं म्हणत नाही, तो सामान्यज्ञानाचा पेपर आहे. बँकेत होतो तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत ब्रिटिश पद्धतीचं क्रिप्टिक, म्हणजे आडवळणाच्या शब्दखेळाचं कोडं, सोडवतोय. जन्म शब्दकोड्याचा अमेरिकेतला हे मान्य. २१ डिसेंबर १९१३, न्यूयॉर्क वर्ल्ड हे वर्तमानपत्र, रचणारा आर्थर विन, चौकट शंकरपाळ्याच्या आकाराची. पण त्याला शिंगं फुटली ती इंग्लंडात.

ब्रिटिश चौकटीत जाळी विरळ असते, बरीच अक्षरं एकाच शब्दात असतात, त्यामुळे स्वरांची एवढी भीक मागावी लागत नाही. तिथे ग्रीक आले ते दुसऱ्या दारातून. रचणारेच ग्रीक-लॅटिनचे मास्तर! ‘झिमेनेस’ या नावाने ऑब्झर्व्हर वर्तमानपत्रात कोडी घालणारे मॅकनट शाळेत हेच विषय शिकवायचे. क्रिप्टिकचे नियम घालून देणारं त्यांचं पुस्तक १९६६चं. टोपणनाव घेतलं ते स्पेनमधल्या धर्मन्यायाधीशाचं, कारण त्यांच्या आधीचे ‘टॉर्कमाडा’ही तसलेच. सोडवणाऱ्याचा छळ हेच ध्येय, लपवाछपवी नाही.

या लोकांना ट्रॉय म्हणजे चघळायला हाडूक. टी-आर-ओ-वाय हलवा, टी-ओ-आर-वाय, टोरी. की ‘गोंधळलेला हुजूरपक्षीय’ म्हणून नगर हजर. पॅरिसची अक्षरं हलवली की इंग्रजीत ‘जोड्या’. बायको पळवणाऱ्यासाठी आणखी काय हवं? आणि इलियड हलवलं की आय-एल-ए-आय-डी, ‘मी ठेवलं’. ‘मी ठेवलं ते विस्कटलं, झालं महाकाव्य.’

ट्रॉयच्या हेक्टरचं, पॅरिसच्या भावाचं, मात्र मला वाईट वाटतं. इंग्रजीत हेक्टर हे क्रियापदही आहे, अर्थ दमदाटी करणे. सतराव्या शतकात लंडनच्या रस्त्यांवर गुंडगिरी करणारी टोळकी स्वतःला हेक्टर म्हणवून घ्यायची, त्यावरून आलं. त्यामुळे क्लू हमखास ‘ट्रोजन गुंड’ अशा थाटाचा. मूषकराव, तुम्ही मूळ वाचलंय. होता का तो तसा?

मूषक | शनिवार, दुपारी २:२०

अजिबात नाही. सहावा सर्ग वाचा. हेक्टर लढाईतून थोडा वेळ नगरात येतो. वेशीजवळ बायको अँड्रोमकी भेटते, दाईच्या कडेवर तान्हा मुलगा. ती म्हणते, माझे आईबाप, सात भाऊ सगळे गेले, बाप आणि भाऊ तर ग्रीकांच्या त्या अकिलीजनेच मारले. आता तूच माझा बाप, तूच आई, तूच भाऊ, बाहेर जाऊ नकोस. तो म्हणतो, मागे राहिलो तर ट्रॉयच्या लोकांना तोंड कसं दाखवू? ट्रॉय पडणार हे मला मनातून ठाऊक आहे, आणि तुला कुणीतरी ओढत नेईल त्याचं दुःख मला आईबापांच्या मरणाहून जास्त आहे. मग मुलाला घ्यायला हात पुढे करतो, तर पोर किंचाळून दाईला बिलगतं. शिरस्त्राणावरच्या घोड्याच्या केसांच्या तुऱ्याला घाबरलेलं. दोघं हसतात. हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो आणि मग पोराला उचलतो.

लढाईवर निघालेला माणूस मूल घाबरलं म्हणून शिरस्त्राण काढतो, आणि इंग्रजीत त्याच्या नावाचा अर्थ दमदाटी. जगातला सर्वांत अन्यायी क्लू हाच.

बरं, ते एकटंच नाव नाही. स्टेंटर हा ग्रीकांकडचा पन्नास माणसांच्या आवाजाचा दवंडीवाला, त्यावरून खड्या आवाजाला इंग्रजी विशेषण. ट्रॉयकडच्या पँडारसने शस्त्रसंधी मोडून बाण मारला, पण मध्ययुगातल्या कवींनी त्याला प्रेमप्रकरणातला मध्यस्थ केला आणि आता त्याच्या नावाचा अर्थ दलाल. मेंटॉर होमरच्या दुसऱ्या महाकाव्यातला, ओडिसीतला. इथाकाचा राजा ओडिसियस युद्धाला जाताना घर ज्याच्यावर सोपवून गेला तो. अथीना त्याचं रूप घेऊन पोराला, टेलेमॅकसला, शहाणपण सांगते. तो आता आपल्या प्रत्येक कंपनीत बसलाय.

शेवटची_लोकल | शनिवार, दुपारी ३:१०

आमच्या कंपनीतल्या मेंटॉरमध्ये अथीना अजून शिरलेली नाही. वाट पाहतोय.

एक बावळट प्रश्न. मी इलियड आणली होती, ग्रीक ज्याच्या पोटात लपून ट्रॉयमध्ये शिरले तो लाकडी घोडा येईल म्हणून वाचत राहिलो, हेक्टरची अंत्ययात्रा झाली आणि पुस्तकच संपलं. माझ्या प्रतीत पानं कमी आहेत का?

मूषक | शनिवार, दुपारी ३:३५

पानं पूर्ण आहेत. इलियडमध्ये घोडा नाहीच. चोवीस सर्ग, पंधरा हजारांवर ओळी, आणि त्यात युद्धाच्या दहाव्या वर्षातले काही आठवडे फक्त. विषय अकिलीजचा राग. घोडा ओडिसीत आठवणीतून येतो, आणि सविस्तर वाचायचा तर रोमन कवी व्हर्जिलच्या एनीड या महाकाव्याचा दुसरा सर्ग. एपिअसने तो बांधला, सायनॉन या ग्रीकाने रडून ट्रोजनांना पटवला, लाओकून या ट्रॉयच्या पुजाऱ्याने भाला फेकून सावध केलं तर समुद्रातून साप आले आणि त्यांनी त्याला मुलांसकट विळख्यात घेतलं.

अकिलीजची टाच, त्याच्या अंगावरची एकमेव कच्ची जागा, तीही इलियडमध्ये नाही. आईने पायाला धरून स्टिक्स नदीत बुडवला ही हकिकत आपल्यापर्यंत येते ती स्टेशियस या रोमन कवीकडून, इसवी सनाच्या पहिल्या शतकात. होमरचा अकिलीज साधा हाडामांसाचा आहे, एकविसाव्या सर्गात त्याच्या हाताला जखम होऊन रक्तही येतं.

म्हणून ‘इलियडमधला घोडा’ असा क्लू दिसला तर संपादकाला पत्र लिहा. मात्र ‘इलियडमधले घोडे’ चालेल, अकिलीजचा झँथस तर बोलतोसुद्धा.

रिकामा_चौकोन | शनिवार, सायंकाळी ५:००

सगळं छान आहे. पण पेलिउसच्या लग्नात कोण रुसलं हे पाठ करणाऱ्यांपैकी किती जणांना कीचक कुठे मेला ते सांगता येईल? घरात महाभारत असताना शेजाऱ्याच्या पोथीवर एवढी चर्चा. इंग्रजी कोडी म्हणजे इंग्रजांच्या शाळेचा गृहपाठ, आपण अजून करतोय.

धोंडोपंत | शनिवार, सायंकाळी ५:२५

विराटाच्या नृत्यशाळेत, भीमाकडून. पुढचा प्रश्न?

अटलांटाची_काकू | शनिवार, सायंकाळी ५:५०

चौकोनजी, अगदीच चूक नाही म्हणत तुम्ही. पण इथले अमेरिकनही ग्रीक वाचून ग्रीक लिहीत नाहीत हो. शेजारच्या बाईला लेटो कोण विचारलं तर म्हणाली, चार अक्षरं, अपोलोची आई, पुढे काही माहीत नाही. अपोलो ट्रॉयकडून लढला हे तिच्या गावीही नाही. पोथी कुणीच वाचत नाही, सगळे अक्षरं मोजतात.

आणि मराठी कोड्यांत तरी आपण काय करतो? नभ, तनया, वारू, रजनी. हे शब्द मी आयुष्यात कुणाच्या तोंडून ऐकले नाहीत, फक्त रविवारच्या पुरवणीत आडवे-उभे पाहिले.

मूषक | शनिवार, सायंकाळी ६:१५

शेजाऱ्याची पोथी म्हणाल तर ती आपल्या अंगणापर्यंत आली होती. ब्रिटिश म्युझियममध्ये गांधार शैलीचा एक शिल्पपट आहे. चाकांवरचा घोडा, त्याच्या छातीवर भाला रोखलेला एक माणूस, आणि वेशीत दोन्ही हात वर करून उभी असलेली बाई. ती कॅसॅन्ड्रा असावी असं मानतात. भविष्य खरं सांगायची, पण कुणी विश्वास ठेवणार नाही असा शाप. आणि उलट बाजूने पाहायचं तर उज्जयिनीच्या प्रद्योताने वत्सराज उदयनाला पकडलं ते खोटा हत्ती रानात उभा करून. कथासरित्सागरात तर त्या हत्तीच्या पोटात सैनिक आहेत. कुणी कुणाची नक्कल केली यावर भांडू नका, एरिस टपूनच आहे.

तलाठी_आप्पा | शनिवार, रात्री ८:४०

मी कोडी सोडवत नाही, धाग्याचं नाव पाहून आलो. पण तुमचा हेक्टर आमच्या सातबाऱ्यावर आहे. क्षेत्राच्या रकान्यात हे. आणि आर. शेजारी शेजारी. हेक्टर आणि आर. तुमचा तो युद्धदेव पण आरच ना काहीतरी?

बांधावरून जे होतं ते पाहता दोघांची नावं तिथे शोभतात.

कोडंबाज | शनिवार, रात्री ८:५५

आप्पा, साष्टांग नमस्कार घ्या!!

अहो, हा तर तयार मराठी क्लू आहे. ‘ट्रॉयचा वीर, शंभराला थोडे कमी गुंठे (३)’. हे-क्ट-र. आणि ‘क्ट’ घर ओलांडून उभं काय जाईल, तर डॉ-क्ट-र. ट्रॅ-क्ट-र. मी दुपारपासून कागदावर हेच करत होतो आणि क्टपाशी अडलो होतो.

(मोजमापाचा हेक्टर ग्रीक ‘शंभर’वरून, माणसाचा त्याच्याशी संबंध नाही, हे मूषकराव सांगायच्या आत मीच सांगतो.)

मूषक | शनिवार, रात्री ९:०२

सांगणारच होतो.

कोडंबाज | शनिवार, रात्री ९:४५

दुपारचा उद्योग सांगतो. हीच नावं मराठी चौकटीत बसवायला घेतली, तर काकूंचं सगळं गणित उलटं झालं. आपल्याकडे एका घरात आख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा-जोडाक्षरासकट. त्यामुळे ट्रॉय दोन घरांत संपलं. स्पार्टा दोन घरं, झ्यूस दोन घरं. स्वर मोजायला उरतच नाहीत. इंग्रजीत कोपरा सावरणारा तो एरिस आपल्याकडे निव्वळ ए-रि-स, त्याची कुणाला गरज नाही. आणि ‘ट्रॉ’ ओलांडून जाणारा शब्द शोधताना ट्रॉली आणि ट्रॉफीशिवाय काही सुचेना.

पण घरात अख्खं अक्षर असल्यामुळे एक वेगळीच गोष्ट होते. नावं फोडली की आतून मराठी निघतं! इंग्रजीत अक्षरं हलवावी लागतात, इथे नुसतं कान लावून ऐकायचं. हे तीन पाहा:

झ्यूसच्या बायकोवर पाळत ठेवा (२)

‘ठीक आहे, जीव दे एकदाचा’, महाकवी (३)

पिडेची थोरली बहीण ट्रॉयजवळच्या डोंगरावर (२)

अटलांटाची_काकू | शनिवार, रात्री १०:१०

पहिला हेरा! हेरणे-हेरा! अरे काय सुंदर आहे हे.

तिसरा इडा. इडापिडा टळो. माउंट इडा, इथल्या कोड्यांत तीन अक्षरांत पडीक असतो.

दुसरा येत नाही.

शेवटची_लोकल | शनिवार, रात्री १०:१८

हो. मर.

गाडीत एकटाच मोठ्याने हसलो, समोरचे काका उठून दुसरीकडे बसले.

मूषक | शनिवार, रात्री १०:४०

हेरा आणि इडा एकाच धाग्यात आलीच आहेत तर चौदाव्या सर्गातला प्रसंग सांगायलाच हवा. झ्यूस इडा डोंगरावर बसून युद्धावर नजर ठेवून आहे, देवांनी मध्ये पडायचं नाही असा त्याचा दम. हेराला तर ग्रीकांना मदत व्हायला हवी आहे. मग ती न्हाऊन-माखून, अफ्रोडाइटीकडून मोहिनी घातलेला पट्टा उसना मागून, निद्रादेवाला लाच कबूल करून डोंगरावर जाते. झ्यूस विरघळतो. तिची स्तुती करताना आपल्या आधीच्या सात प्रेमप्रकरणांची यादी तिलाच ऐकवतो, की तेव्हाही मला इतकी ओढ वाटली नव्हती. (शहाणा नवरा.) मग झोपी जातो, आणि खाली समुद्रदेव पोसायडन ग्रीकांना मोकळ्या हाताने मदत करतो.

तेव्हा पाळत कोण कुणावर ठेवत होतं ते पाहून क्लू बदला: ‘झ्यूसवर पाळत ठेवा म्हणणारी’. आता खुसपट नाही काढत, तिन्ही झकास आहेत.

धोंडोपंत | रविवार, सकाळी ६:३०

पोसायडन म्हणजे रोमन नेपच्यून. त्यावरून आठवलं. १९४४च्या मे महिन्यात डेली टेलिग्राफच्या कोड्यांत एकामागून एक उत्तरं आली, यूटा, ओमाहा, ओव्हरलॉर्ड, मलबेरी, आणि जूनच्या सुरुवातीला नेपच्यून. सगळी दुसऱ्या महायुद्धातल्या, दोस्तांच्या नॉर्मंडीवरच्या स्वारीची सांकेतिक नावं! स्वारी ६ जूनची. गुप्तहेर खात्याची माणसं कोडं रचणाऱ्या लेनर्ड डॉ या मुख्याध्यापकांच्या दारात. त्यांना बिचाऱ्यांना काही पत्ता नव्हता. ट्रॉयची तटबंदी बांधणारा देव नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर कोड्यातून उतरला, एवढंच म्हणतो.

आता कोडंबाज, तुमच्या मराठी क्लूंचं व्यसन मला रात्रीच लागलं. चहा होईपर्यंत एवढे झाले:

कोणार्कला नाचते, इथाकाचा राजा मात्र घरी पोहोचेना (३)

गोरेगावच्या दूधवसाहतीला शेपूट फुटलं, युद्ध पेटलं (३)

वारा पडला, आरमार किनाऱ्याला अडकलं, जणू बंधक (३)

शेवटची_लोकल | रविवार, सकाळी ८:०५

ओडिसी. आरे + स = आरेस, मी राहतो तिथेच! तिसरा?

कोडंबाज | रविवार, सकाळी ८:२०

ओलीस!!! पंत, तुमच्या पायाची धूळ द्या. ग्रीकांचं आरमार ज्या बंदरात वाऱ्याअभावी अडकून पडलं ते ऑलिस, आणि मराठीत ओलीस म्हणजे बंधकच.

रिकामा_चौकोन | रविवार, सकाळी ८:५०

बाद. बंदर ऑलिस. पहिलं घर ऑ, तुमचं ओ. दुसरं घर लि, तुमचं ली. तीनपैकी दोन घरं चुकली आणि पायाची धूळ मागताय. ऱ्हस्व-दीर्घ पाळायचं नसेल तर कोडं कशाला, भेंड्या खेळा.

धोंडोपंत | रविवार, सकाळी ९:१०

मूळ ग्रीक उच्चार औलिसच्या जवळचा आहे. ऑ ही इंग्रजांच्या शाळेची देणगी. कालच कुणीतरी त्या शाळेच्या गृहपाठाबद्दल बोलत होतं.

रिकामा_चौकोन | रविवार, सकाळी ९:१६

मग औ घाला. ओ तरीही नाही. आणि लि ऱ्हस्वच.

अटलांटाची_काकू | रविवार, सकाळी ९:४०

मराठीत यांची लेखनं ठरलेली नाहीत हाच तर घोळ आहे. एकाच नायकाला मी अकिलीज, अकिलिस, एकिलीस असं तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी वाचलंय. आडवा शब्द एकाच्या लेखनाने आणि उभा दुसऱ्याच्या, की कोडं सुटणार कसं? माझं मत: क्लू राहू द्या, शेवटी ‘ऐकायला’ असा शब्द घाला. इंग्रजी क्रिप्टिकमध्ये ‘म्हणे’ किंवा ‘ऐकलं की’ असा इशारा देतातच, उच्चार सारखा आणि स्पेलिंग वेगळं असलं की.

रिकामा_चौकोन | रविवार, सकाळी ९:५५

‘ऐकायला बंधक’ असं असेल तर उत्तर ऑलिस, घरं तीन, आणि माझी हरकत नाही.

पण मग ते वाऱ्याचं पुढे काय झालं ते कुणीतरी सांगा. आरमार सुटलं कसं?

मूषक | रविवार, सकाळी १०:३०

वाईट तऱ्हेने सुटलं. ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन, त्याच्यावर आर्टेमिस देवी कोपलेली. ज्योतिषी काल्खसने सांगितलं, तुझ्या मुलीचा बळी दे, वारा सुटेल. त्याने घरी निरोप धाडला की इफिजिनियाचं लग्न ठरवलंय, थेट अकिलीजशी, तिला पाठव. आई क्लायटेम्नेस्ट्रा मुलीला नवरीसारखी सजवून घेऊन आली. बाकीचं तुम्ही समजलात. काही कवी म्हणतात की आर्टेमिसने ऐन वेळी मुलीला उचलून नेलं आणि वेदीवर हरिणी ठेवली.

आईने मात्र ते दहा वर्षं मनात ठेवलं. अगामेम्नॉन युद्ध जिंकून आपल्या नगरात, मायसीनीला, आला, सोबत युद्धात मिळालेली कॅसॅन्ड्रा. क्लायटेम्नेस्ट्राने त्याला मानाने आत नेलं आणि मारलं. कॅसॅन्ड्राने दारातच सांगितलं होतं, आत रक्ताचा वास येतोय. अर्थात कुणी ऐकलं नाही.

१८७६मध्ये श्लीमन या पुरातत्त्ववेड्याने तिथे खणलं तेव्हा सोन्याचा मुखवटा मिळाला, त्याला लोक अजून अगामेम्नॉनचा मुखवटा म्हणतात. तो त्याच्या काळाच्या बराच आधीचा आहे.

रिकामा_चौकोन | रविवार, सकाळी ११:१५

हे माहीत नव्हतं.

एक क्लू केलाय. पहिलाच आहे, सांभाळून घ्या. ऱ्हस्व-दीर्घ तपासून घेतलं आहे.

आईपासून सुरू होतं हे नगर, आईच्याच हातून राजा संपतो (४)

शेवटची_लोकल | रविवार, सकाळी ११:२१

आई गं. मिळालं.